सीडीटीची डिग्री केली, कशी वाटली ते सांगते

आधीच सांगते, हा रिव्ह्यू यूकेमधल्या सीडीटी, म्हणजे क्लिनिकल डेंटल टेक्निशियनच्या कोर्सचा आहे आणि युनिव्हर्सिटीचं नाव मी मुद्दाम घेत नाहीये, कारण पुढे भरपूर तक्रारी करणार आहे आणि त्यांच्याकडून रेफरन्स लेटर यायचंय अजून. त्यामुळे नाव विचारू नका.

मी अकरा वर्षं डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन होते, म्हणजे कवळ्या, पार्शल (काहीच दातांच्या कवळ्या), रिपेअर, सगळं बाकावर बसून. पेशंट कधी बघितलाच नाही, बघितलं ते त्याचं प्लास्टरचं मॉडेल आणि सोबतची डेंटिस्टची चिठ्ठी. चिठ्ठीत शेड (दातांचा रंग) ए३, झालं, माणूस काळा की गोरा, हसरा की रडका काही माहीत नाही. सीडीटी झालात की त्या मॉडेलमागचा माणूस स्वतः बघता येतो, माप स्वतः घेता येतं, कवळी स्वतःच्या हाताने बसवता येते. कॅनडात यांना डेंच्युरिस्ट म्हणतात, ऑस्ट्रेलियात डेंटल प्रॉस्थेटिस्ट.

नियम थोडक्यात असा की तोंडात एकही दात नाही आणि इम्प्लांटही नाही अशा पेशंटला सीडीटी सरळ, डेंटिस्टशिवाय पूर्ण कवळी करून देऊ शकतो. पण एक जरी दात शिल्लक असेल, हलणारा का असेना, तरी आधी डेंटिस्टने बघून ट्रीटमेंट प्लॅन द्यायचा, मगच आपण. इंजेक्शन नाही, दात काढणं नाही, ड्रिल नाही. आणि कोर्सला घेतात तेच मुळी जीडीसीच्या (जनरल डेंटल काउन्सिल) रजिस्टरवर टेक्निशियन म्हणून असलेल्याला, बारावी झाली आणि आले असं चालत नाही. कोर्स पास झाल्यावर परत जीडीसीकडे सीडीटी म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन, आणि तो टायटल कायद्याने प्रोटेक्टेड आहे, ते होईपर्यंत बोर्डावर लावलात तर गोत्यात याल.

आता कोर्सबद्दल. पहिल्या आठवड्यात आम्हाला एकमेकांची मापं घ्यायला लावली आणि तिथेच माझा सगळा माज उतरला. वरच्या जबड्याचा अल्जिनेट (माप घ्यायची पेस्ट) भरलेला ट्रे माझ्या तोंडात गेला आणि मागून पातळ मटेरियल टाळूवर ओघळलं, मला उमासे येऊन डोळ्यातून पाणी, आणि ट्यूटर शांतपणे म्हणाली नाकाने श्वास घे, उजव्या पायाचा अंगठा वर उचल, आता डाव्या. पायाकडे लक्ष गेलं की घशाचं विसरायला होतं. ते दोन-तीन मिनिटांचं सेटिंग म्हणजे किती असतं ते त्या दिवशी कळलं. लॅबमध्ये मापात बुडबुडा दिसला की आम्ही डेंटिस्टला शिव्या घालायचो, याला माप घेता येत नाही का म्हणून. सगळ्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

या कोर्सला जे काही मार्क द्यायचेत ते बाइटच्या क्लिनिकला. बाइट म्हणजे वरचा-खालचा जबडा एकमेकांवर कसा मिटतो त्याचं माप. लॅबमध्ये बाइट आपल्याकडे तयार येते, मेणाचे दोन ब्लॉक चिकटवलेले, आपण आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारखं उघडमिट करणारं यंत्र) चढवतो आणि दात लावतो. पण ती बाइट घ्यायची म्हणजे समोरचा माणूस, ज्याला दात नाहीत, ज्याचा जबडा वर्षानुवर्षं वाटेल तिथे मिटायला शिकलाय, त्याला योग्य जागी आणि योग्य उंचीवर मिटवायचं. आधी जबडा सैल असताना नाकाखालपासून हनुवटीपर्यंतचं अंतर विलिस गेजने मोजायचं, मग ब्लॉक घालून मिटल्यावरचं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा दोन ते चार मिलिमीटर कमी यायला हवं. ऐकायला सोपं. पण 'सैल सोडा' म्हटलं की माणूस आणखीच आवळतो!

माझी पहिली पेशंट, सत्तरीच्या पुढच्या बाई, मी जबडा मिटा म्हटलं की दरवेळी खालचा जबडा पुढे काढायच्या. चार वेळा मेण गरम केलं, चारही वेळा चुकलं, मी घामाघूम. मग ट्यूटर आली आणि तिने वरच्या ब्लॉकच्या पाठीमागच्या कडेला, टाळूच्या शेवटाजवळ मेणाची छोटीशी गोळी चिकटवली आणि बाईंना म्हणाली जिभेचं टोक या गोळीला लावून ठेवा आणि आता हळू मिटा. जीभ मागे गेली की जबडा पुढे येऊच शकत नाही. एका फटक्यात बसली बाइट. अकरा वर्षं मी या धंद्यात आहे आणि ही गोळी मला कुणी सांगितली नव्हती.

तरी ट्राय-इनला, म्हणजे मेणात दात लावून तोंडात घालून बघतात त्या फेरीला, गडबड झालीच. उंची मी दोन-अडीच मिलिमीटर जास्त धरली होती, बाई बोलायला लागल्या की दात खट् खट् वाजायचे. आरशात त्यांना छान वाटत होतं कारण सुरकुत्या ताणल्या गेल्या होत्या, 'राहू दे की असंच' म्हणाल्या. ट्यूटरने साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोजायला लावले, इंग्लिशमध्ये त्यात स भरपूर येतो आणि स म्हणताना दात जवळ येतात पण टेकायचे नसतात, यांचे सिक्स्टी-सिक्सला टेकले. परत बाइट, परत ट्राय-इन, बाईंना अजून एक फेरी. उंची जास्त राहिली असती तर आठवड्याभरात जबडा दुखून कवळी ग्लासात गेली असती, आणि कमी ठेवली असती तर तोंड बोळकं दिसलं असतं आणि ओठांचे कोपरे चिरले असते. हे पुस्तकात आधीही वाचलं होतं, पण तो खट् आवाज ऐकल्यावर जे डोक्यात बसलं ते वेगळंच.

आता तक्रार नंबर एक, आणि खरं तर हीच मोठी. पेशंट. प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलंय की क्लिनिकल केसेस पूर्ण करायच्या. त्या केसेस येणार कुठून हे लिहिलेलं नाही! टीचिंग क्लिनिकवर थोडे पेशंट येतात आणि बॅचमधल्या सगळ्यांच्यात वाटले जातात, बाकीचे तुम्ही शोधायचे. आणि एका पूर्ण कवळीला प्राथमिक माप, मग स्पेशल ट्रे (त्याच पेशंटच्या तोंडाच्या मापाचा) करून पक्कं माप, बाइट, ट्राय-इन, बसवणं, रिव्ह्यू, अशा किमान सहा फेऱ्या, ज्याला बिचाऱ्याला दात नाहीत तो बहुतेक वेळा वयस्कर, गाडी चालवत नाही, मुलीला सुट्टी काढून आणावं लागतं. माझे एक आजोबा चौथ्या फेरीनंतर पडले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. ते बरे झाले म्हणा, पण माझी केस अपूर्ण म्हणून शून्य. ट्राय-इनपर्यंतचं सगळं काम, सह्या, फोटो, सगळं बाद. मी इमेल केली, कोऑर्डिनेटरचं उत्तर आलं की गाइडलाइन हँडबुकमध्ये आहे. हँडबुकच्या कितव्या पानावर ते मीच शोधायचं.

शेवटी पेशंट कुठून आणले माहितीये? आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतून. आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत उभी राहून मी बिनदातांची माणसं शोधत होते, नवरा म्हणाला तू दातांकडे बघत बोलतेस ते लोकांना कळतंय. त्यातून दोन काकू आणि एक काका मिळाले. आणि बरं झालं, कारण त्यातल्या एका काकूंनी मला असं काही शिकवलं जे कोर्समध्ये नाहीच. ट्राय-इनला सिक्स्टी ते सेव्हंटी एकदम झकास गेलं, ट्यूटर सही करणार तेवढ्यात काकू माझ्याशी मराठीत बोलल्या आणि 'चमचा' म्हणताना शिट्टी वाजली. 'चहा' व्यवस्थित, 'चमचा' शिट्टी. आपले दोन च आहेत ना, चमच्याचा च जिभेचं टोक पुढच्या दातांमागे नेऊन काढतो, आणि तिथलं मेण मी थोडं जास्त खरवडलं होतं. मेणाचा पातळ थर परत दिला, चमचा, चांदणी, जांभूळ सगळं म्हणून घेतलं, गेली शिट्टी. ट्यूटरला समजावून सांगितलं तर ती वहीत लिहून घ्यायला लागली. बाय द वे, पेशंटला ज्या भाषेत घरी बोलायचंय त्याच भाषेत ट्राय-इनला बोलायला लावा, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

तोंडाच्या आजारांचा मोड्यूल जाम चांगला होता, त्याला पूर्ण मार्क. रात्री कवळी न काढणाऱ्यांचा लालभडक टाळू, बुरशीचं इन्फेक्शन, हलणारी मऊ हिरडी जिथे साधं माप घेतलं की ती दबून वाकडी येते आणि म्हणून ट्रेला खिडकी पाडून माप घ्यायचं, आणि कॅन्सरची शंका कधी घ्यायची. कारण शोधून सापडत नाही आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त न भरलेला व्रण असेल तर कवळी टोचत असेल म्हणून घासत बसायचं नाही, तातडीने रेफर करायचं. डेंटिस्ट मध्ये नसताना ते तोंड बघणारी तुम्ही एकटीच असता, हे ट्यूटरने इतक्या वेळा सांगितलं की शेवटी वैताग आला, पण बरोबर होतं तिचं. खालचा जबडा वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो हे पण तिथेच नीट कळलं, म्हणून सगळ्या तक्रारी खालच्या कवळीच्या असतात.

डिजिटलचा भाग अगदीच तोंडी लावण्यापुरता. एक दिवस, एक स्कॅनर, आम्ही चौदा जण. प्रिंट केलेली कवळी दाखवली, हातात दिली, परत घेतली. बिनदातांची ओली हलणारी हिरडी स्कॅन करणं तसंही कटकटीचंच आहे आणि कडांचं माप हाताने घेण्यात जी मजा आहे ती आहेच, पण बाहेर लॅब कुठे चालल्यात ते बघता हे कमी पडलं.

धंदा कसा करायचा यावर तर शून्य. एक लेक्चर, त्यातला अर्धा वेळ इंडेम्निटी इन्शुरन्स (पेशंटने दावा ठोकला तर लागणारा विमा). बहुतेक सीडीटी प्रायव्हेट काम करतात, आणि पेशंट आल्या आल्या विचारतो एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवा) कवळी बँड ३ या दरगटात येते, इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ ला तो दर ३२६.७० पौंड झाला होता, मग तुमच्याकडे जास्त का? याचं उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. आता मी नुसतं बाइटच्या फेरीला किती वेळ देते ते सांगते. सीपीडीचं (रजिस्ट्रेशन टिकवायला करावं लागणारं पुढचं शिक्षण) पण बघून ठेवा, टेक्निशियन असताना पाच वर्षांत ५० तास लागायचे, सीडीटीला ७५.

पैसे? फी सोडा, ती वेबसाइटवर असते. खरा खर्च ब्लॉक आठवड्यांना (सलग वर्ग असतात ते आठवडे) लॅबमधून बिनपगारी सुट्टी, ट्रेन आणि हॉटेल, आणि पेशंटच्या टॅक्सीचे पैसे जे मी तीन वेळा स्वतः दिले कारण नाहीतर केस गेली असती.

पाचपैकी साडेतीन. चार दिले असते, ते आजोबांच्या केसमुळे कापले, रागाने कापलेत हे मान्य आहे. बाकावर निदान चार-पाच वर्षं कवळ्या केल्या असतील तर जा, त्याआधी नको, कारण क्लिनिकमध्ये मेण सरळ कसं कापायचं हे शिकवायला कुणाला वेळ नसतो, आमच्यातल्या एकाने ते पण शिकत शिकत केलं आणि त्याची एक टर्म गेली.

ओपन डेला गेलात तर तीन गोष्टी तोंडावर विचारा: पेशंट कोण आणतं, अर्धवट राहिलेल्या केसचं काय होतं, आणि एका खुर्चीमागे किती विद्यार्थी. कोर्स संपल्यावर फीडबॅक फॉर्म आला त्यात मी हेच लिहिलं, की हे प्रॉस्पेक्टसच्या पहिल्या पानावर टाका. दोन मिनिटांत ऑटोमॅटिक उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. खाली लिंक होती, मित्राला रेफर करा म्हणून.