डीआरएस: भार आल्यावर हलायचं की आधीच?
नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांमध्ये हा प्रश्न नेहमीचा. क्लस्टरवरचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांच्या गटावरचा, भार वाढल्यावर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) दुसऱ्या सर्व्हरवर हलवायच्या, की वाढण्याआधीच?

व्हीएमवेअर कंपनीचं डीआरएस म्हणजे व्हीएम हलवून सर्व्हरांवरचा भार वाटून देणारी सोय. साधं डीआरएस आत्ताची स्थिती पाहतं. पूर्वी ते दर 5 मिनिटांनी तपासायचं, 2020च्या व्हीस्फिअर 7 (व्हीएमवेअरचं सर्व्हर सॉफ्टवेअर) पासून दर मिनिटाला. अचानक उसळणाऱ्या भारासाठी हेच बरं, कारण त्याचा अंदाज बांधताच येत नाही.

प्रेडिक्टिव्ह डीआरएस 2016च्या व्हीस्फिअर 6.5 सोबत आलं. त्यासाठी देखरेखीचं सॉफ्टवेअर (तेव्हाचं नाव व्हीरिअलाइज ऑपरेशन्स) जुन्या आकड्यांवरून भाराची लय शिकतं आणि डीआरएसला आधीच कळवतं. सकाळी साडेनऊला सगळं ऑफिस एकदम लॉगिन करतं, अशा ठिकाणी याचा खरा उपयोग. व्हीमोशनमध्ये, म्हणजे चालू व्हीएम हलवताना, तिची मेमरी नेटवर्कवरून कॉपी होते, आणि होस्ट (व्हीएम चालवणारा सर्व्हर) आधीच दमलेला असेल तर ते काम फार जड जातं. मोकळ्या वेळात उरकलेलं केव्हाही चांगलं! मात्र मध्येच सणाची सुट्टी आली की अंदाज चुकतो आणि व्हीएम उगाच हलू शकतात.

सगळेच होस्ट भरले असतील तर दोन्ही हतबल. तिथे नवा होस्टच घ्यावा लागतो.

ठरलेल्या वेळापत्रकाच्या क्लस्टरवर मी प्रेडिक्टिव्ह निवडेन, टेस्टिंगच्या क्लस्टरवर साधंच.