हप्ता परवडतो म्हणून सही केली

सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. परत येताना ते इतके गळून गेलेले असतात की पुण्यात धनकवडीच्या घरापर्यंत रिक्षात नुसतं बसणंही त्यांना झेपत नाही. म्हणून घरात गाडी हवीच. आमची वॅगन-आर २०१० सालची. २०२५च्या ऑगस्टमध्ये तिला पंधरा वर्षं होणार होती. फेरनोंदणी, पर्यावरण कर, वर क्लचचं काम, असा हिशेब मांडल्यावर ती देऊन दुसरी जुनी गाडी घ्यायची असं ठरलं. शिल्लक म्हणावी अशी रक्कम आमच्याकडे नव्हती.

फेब्रुवारीत शहरातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे २०१७ची सेलेरिओ आवडली. किंमत ३ लाख ६० हजार. वॅगन-आरचे ६० हजार वजा करून उरलेल्या तीन लाखांचं कर्ज काढायचं. ह्यांनी ओळखीचा मेकॅनिक नेला होता. त्याने तासभर गाडी तपासली, सर्व्हिसच्या नोंदी काढून किलोमीटर ताडून पाहिले. गाडी खरंच चांगली निघाली, आजही चांगलीच चालते. आम्ही फसलो ते नंतर, टेबलावर.

फायनान्सचा माणूस तिथेच बसलेला होता. म्हणाला, ‘‘वहिनी, बँकेत पंधरा दिवस जातील. आमच्याकडे दहा टक्क्यांनी आजच होतंय. महिन्याला किती झेपेल तेवढं सांगा.’’ मी दहा हजारांच्या आत म्हणाले. लगेच त्याने आकडा दिला, ९,४५० रुपये, चार वर्षं. घरखर्चात बसत होतं. जिथे जिथे खूण केली होती तिथे ह्यांनी सह्या केल्या. त्याच गठ्ठ्यात वॅगन-आरच्या ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० होते, कोरे. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही.

जूनमध्ये भिशी लागली. थोडं कर्ज फेडावं म्हणून खात्याचा उतारा मागवला, तर कर्ज ३ लाख २४ हजारांचं. प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च आणि आम्ही न मागितलेला कर्जाचा विमा, असे २४ हजार मुद्दलातच घातले होते. मावसभाऊ पतपेढीत आहे, त्याने हिशेब करून दाखवला. ते दहा टक्के फ्लॅट होते. म्हणजे हप्ते भरून मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. आमच्या कामी आले तीन लाख, भरायचे ४,५३,६००. खरा दर पडतो जवळपास २२ टक्के. घटत्या शिलकीवर दहा टक्के असते, तर तीन लाखांचा हप्ता ७,६०० रुपयांच्या आसपास आला असता. चार वर्षांत जवळजवळ ८८ हजारांचा फरक. ही रक्कम लिहिताना अजून पोटात कालवतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रिटेल, म्हणजे आपल्यासारख्या व्यक्तींना दिलेल्या कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती लिहिलेला कागद, देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. आम्हाला असा कागद कुणी दाखवला नाही. मला तो मागायचा असतो हेच माहीत नव्हतं.

जुलैत ह्यांच्या मोबाइलवर द्रुतगती मार्गावरच्या वेगमर्यादेचं चलन आलं, वॅगन-आरच्या नंबरवर. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर पाहिलं तर मालक अजून हेच, आणि विमा मेमध्येच संपलेला. ती गाडी कोण चालवतंय, आम्हाला ठाऊक नाही. उद्या तिने कुणाला उडवलं तर भरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात पडते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलेलं आहे. ते पंधरा दिवस आम्ही दोघं धड झोपलो नाही. व्यापारी रोज ‘पार्टीला सांगितलंय’ म्हणायचा. शेवटी पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला, संगम पुलाजवळच्या आरटीओत पत्र दिलं, तेव्हा कुठे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाव बदललं. चलन आम्हीच भरलं.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात देताना तशी ऑनलाइन नोंद होते आणि तिथून जबाबदारी त्याची. ते अधिकारपत्र बघायला मागा. निदान ताबा दिल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली, त्याच्या सही-शिक्क्याची पावती घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, तो कितीही घाई करू दे.

कर्जाचं प्रकरण मिटलेलं नाही. कंपनीकडे लेखी तक्रार केली, उत्तर आलं की सह्या तुमच्याच आहेत. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि फुकट तक्रार करता येते. ती आम्ही केली आहे. नऊ हप्ते गेले, ३९ राहिले.

परवा शेजारच्या ताई जुनी गाडी बघायला निघाल्या, तेव्हा मी मुद्दाम सोबत गेले. तिथल्या माणसाने हप्ता सांगितला. मी एपीआर लिहिलेला कागद मागितला. ‘‘तो उद्या देतो, आज फक्त सह्या करून घेऊ,’’ म्हणाला. ताईंनी पर्स उचलली आणि आम्ही बाहेर पडलो.