एजंटशिवाय घेतलेला मेडिक्लेम : चौदा महिन्यांनंतर

ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकच्या सातपूरची नोकरी सोडली. त्याच दिवशी कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही संपला, हे चार दिवसांनी लक्षात आलं. आमच्या सोसायटीतले एक काका वर्षानुवर्षं विम्याचं काम करतात. त्यांना न सांगता मी थेट विमा कंपनीच्या वेबसाइटवरून पॉलिसी घेतली. मी, बायको आणि मुलगी, दहा लाखांचा फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच रक्कम.

पैसे वाचवायचे म्हणून नाही. थेट घेतल्याची सूट माझ्या प्लॅनला नव्हतीच. कारण वेगळं होतं. मावसभावाचा क्लेम फेटाळला गेला, तेव्हा कळलं की फॉर्मवर बीपीच्या प्रश्नासमोर एजंटने परस्पर ‘नाही’ करून टाकलं होतं. सही मात्र भावाची. तेव्हाच ठरवलं, आपला फॉर्म आपण भरायचा.

रात्री साडेदहाला बसलो, उठलो तेव्हा दीड वाजला होता. निम्मा वेळ एका गोळीवर गेला. बायको थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. “एवढीशी तर गोळी, ती कशाला लिहायची?” तिचं म्हणणं. लिहिली. दोन दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला, त्यांनी तिलाच सगळं विचारलं. हप्ता वाढला नाही, पण थायरॉइडशी संबंधित उपचारांना तीन वर्षांचा वेटिंग पीरियड लागला, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळणार नाही. आधीच्या आजारांसाठी ही मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असायची, एप्रिल २०२४ पासून कमाल मर्यादा तीनवर आली आहे.

खरा फटका बसणार होता तो पिनकोडमध्ये. नाशिकचा पिनकोड टाकला की हप्ता मुंबईपेक्षा कमी दिसतो. मी खूश. पॉलिसी मेलवर आली आणि रविवारी सगळी पानं वाचली, तेव्हा झोनचं (म्हणजे शहरांच्या हप्त्यानुसार केलेल्या गटांचं) कलम सापडलं : वरच्या झोनमधल्या, म्हणजे महागड्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा वीस टक्के वाटा आपला. आता नाशिककर मोठ्या दुखण्याला जातो कुठे? कसारा घाट उतरून मुंबईलाच ना! पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांचा फ्री-लूक असतो, त्या मुदतीत पटलं नाही तर पॉलिसी परत करता येते. कस्टमर केअरला चार फोन केले. चौथ्या फोनवर तिथली मुलगी म्हणाली, फरक भरा, झोन बदलून देते. २,१०० रुपये भरले. ही एक गोष्ट काकांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितली असती, हे कबूल.

ऑगस्टमध्ये बायकोला डेंगी झाला. वेबसाइटवरच्या यादीतलं घराजवळचं हॉस्पिटल गाठलं, तर काउंटरवर उत्तर : “या कंपनीचं कॅशलेस आमच्याकडे बंद आहे, दोन महिने झाले.” यादीत नाव तसंच. ती रिक्षात मान टाकून बसलेली, अंगात १०३ ताप, आणि मी फूटपाथवर उभा राहून पुढच्या हॉस्पिटलला फोन लावतोय. आता सांगतो सगळ्यांना, यादीवर विसंबू नका, निघण्याआधी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (विम्याचे क्लेम बघणाऱ्या काउंटरला) फोन करून विचारा.

दुसऱ्या ठिकाणी मात्र अ‍ॅडमिशनची मंजुरी तासाभरात आली. चार दिवस काढले. डिस्चार्ज सकाळी अकराला सांगितला, घरी पोहोचलो संध्याकाळी सात वाजता. मधल्या वेळात मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत होतो. काका भेटायला आले होते (कुणी सांगितलं देव जाणे). ते म्हणाले, “अरे, तीन तासांत मंजुरी द्यायचा नियम आहे, पण हॉस्पिटलने फाइल पाठवली की मग घड्याळ सुरू. फाइल गेली का ते विचार आधी.” विचारलं. अडीच वाजेपर्यंत बिलच तयार नव्हतं. फाइल गेली पावणेचारला, मंजुरी आली सहाला. म्हणजे कंपनीची चूक नव्हती. ६१,४०० च्या बिलात आमच्या खिशातून ४,८७० गेले : हातमोजे, मास्क, फाइल चार्ज, असली किडुकमिडुक. त्यासाठी वेगळा रायडर (मूळ पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर) मिळत होता, मीच तेव्हा टिक काढून टाकली होती.

यंदाच्या रिन्युअलला २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेल्याचा आनंद होता. पण मूळ हप्ताच वाढला, त्यामुळे भरलेली रक्कम गेल्या वर्षीपेक्षा जेमतेम हजाराने कमी. तो रायडर या वेळी घेतला.

आता आईची पॉलिसी काढायची आहे. तिला शुगर आहे, गुडघेही दुखतात. फॉर्म मीच भरणार, पण सबमिट करण्याआधी काकांना दाखवून घेणार. त्यात त्यांना कमिशन नाही, हे मी त्यांना सांगितलंय. “माहितीये रे,” म्हणाले, “आईचे रिपोर्ट घेऊन ये.”