जर्नल खरं होतं, वेबसाइट खोटी होती

शोधलेख पाठवण्याआधी जर्नलचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तपासा, स्कोपस या शास्त्रीय जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत नाव आहे का बघा, असं आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांना सांगत असतो. आमच्या बाबतीत या दोन्ही तपासण्या झाल्या होत्या आणि दोन्ही बरोबर आल्या होत्या. तरीही आमचा लेख चोरांच्या हातात गेला. हे कसं घडतं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडच्या कॉलेजांमधून याच वाटेने आणखी लेख जात असणार, याची मला काळजी वाटते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझ्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांवर, काम करते. भाट्ये, काळबादेवी या बाजूला ज्यांनी ओहोटी पाहिली आहे त्यांना हे काम डोळ्यांसमोर येईल. पाणी उतरलं की बायका टोपल्या घेऊन खाडीत उतरतात आणि चिखल-वाळूत हाताने चाचपत तिसऱ्या काढतात. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप खाली जाते, तेव्हाच खालचा पट्टा हाताला लागतो. भांगाच्या दिवसांत तो पाण्याखालीच राहतो. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमा बघूनच नमुने घ्यावे लागतात, आणि एक उधाण हुकलं की पुढचं येईपर्यंत थांबावं लागतं. शिंपल्यांची लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजायची, वजन करायचं, पाण्याची क्षारता नोंदवायची, कोणत्या महिन्यात किती बारीक माल निघतो ते लिहायचं. त्या बायका बाजारात जायच्या घाईत असतात. तरी त्या टोपली खाली ठेवून हिला मोजू देत होत्या. "मोज गो बाय, पण बिगी बिगी," एवढंच म्हणायच्या. त्यांच्या वेळेचं मोल धरलं तर या आकडेवारीची किंमत कुठल्याही प्रकाशन शुल्कात मावणार नाही.

तिने एका राज्यस्तरीय परिषदेत या कामाचा गोषवारा वाचला. परिषदेची गोषवाऱ्यांची पुस्तिका इंटरनेटवर चढली आणि काही दिवसांतच तिला ईमेल आला. तिच्या गोषवाऱ्याचं शीर्षक त्यात शब्दशः होतं. "आपलं संशोधन आमच्या संपादक मंडळाच्या नजरेत आलं आहे, पूर्ण लेख पाठवावा," असा मजकूर. जर्नलचं नाव आम्हाला ऐकून माहीत होतं. परदेशातल्या एका जुन्या शास्त्रीय संस्थेचं ते त्रैमासिक आहे. तिने आयएसएसएन टाकून पाहिला, तो त्याच जर्नलचा निघाला. स्कोपसच्या यादीत नाव सापडलं. संपादकांची नावं शोधली, ती माणसंही खरी होती. गूगलवर जर्नलचं नाव टाकलं तर ईमेलात दिलेली वेबसाइटच सगळ्यात वर आली. मी स्वतः ती पाहिली. मुखपृष्ठ, उद्दिष्टं, मंडळ, सगळं जागेवर होतं.

या प्रकाराला हायजॅक्ड जर्नल म्हणतात. चोर नवं जर्नल काढत नाहीत, असलेल्या जर्नलचं नाव, आयएसएसएन आणि संपादक मंडळ उचलून दुसऱ्याच पत्त्यावर हुबेहूब वेबसाइट उभी करतात. जी जर्नलं अजून मुख्यतः छापील निघतात, ज्यांची वेबसाइट साधी आहे किंवा ज्यांनी डोमेनचं नूतनीकरण वेळेत केलेलं नाही, ती त्यांना सोयीची पडतात. आपण ज्या गोष्टी तपासतो त्या मूळ जर्नलच्या असतात, म्हणून उत्तर नेहमी बरोबरच येतं.

लेख पाठवल्यावर आठवडा उलटायच्या आत स्वीकृतीचं पत्र आलं. सोबत दोन परीक्षकांचे अभिप्राय होते. एकाने लिहिलं होतं की भाषा थोडी सुधारावी, दुसऱ्याने लिहिलं होतं की संदर्भ जर्नलच्या पद्धतीप्रमाणे मांडावेत. बाकी लेख 'उत्कृष्ट आणि समयोचित'.

इथे थोडं थांबते, कारण नवख्या संशोधकाला चोर ओळखण्याची सगळ्यात पक्की जागा माझ्या मते हीच आहे. तिसऱ्यांवरचा लेख या विषयातल्या माणसाने खरोखर वाचला असता तर त्याने काय विचारलं असतं? पावसाळ्यात खाडी गोड्या पाण्याने भरते, त्या महिन्यांचे नमुने इतके कमी का? बायका निवडून मोठा माल काढतात, मग टोपलीतलं माप म्हणजे खाडीतलं माप कसं धरलं? चौकट टाकून स्वतंत्र मोजणी केली का? वाळूउपशाच्या जागा आणि नमुन्यांच्या जागा यांत अंतर किती? प्रजातीची ओळख कोणत्या लक्षणांवरून पटवली? असे प्रश्न त्रासदायक असतात, पण परीक्षण म्हणजे तेच. ज्या अभिप्रायातून तुमचा लेख माशांवर आहे की बँकांवर हेही कळत नाही, तो अभिप्राय कुणी लेख न वाचता लिहिलेला आहे. खऱ्या जर्नलमध्ये परीक्षणाला महिने लागतात, याचं कारण परीक्षक मिळायलाच वेळ जातो.

प्रकाशन शुल्क साडेनऊ हजार रुपये मागितलं होतं. शुल्क मागितलं म्हणून जर्नल खोटं ठरत नाही, पुष्कळ मान्यवर जर्नलं शुल्क घेतात. पण हे शुल्क भरायचं होतं एका व्यक्तीच्या नावावरच्या बचत खात्यात, आणि तेही तीन दिवसांत, नाहीतर 'अंक बंद होईल'. तिने विचारलं, तेव्हा 'भारतातील अधिकृत प्रतिनिधी' असं उत्तर आलं. तिला प्रबंध सादर करायची मुदत जवळ आली होती. तिच्या वडिलांची होडी पावसाळ्यात किनाऱ्याला ओढलेली, म्हणजे घरात मिळकत बंद. त्या दिवसांत तिने शिष्यवृत्तीतून पैसे भरले. लगेच लेख वेबसाइटवर आला आणि मागोमाग सोनेरी किनारीचं 'प्रकाशनाचं प्रमाणपत्र'. खरी शास्त्रीय जर्नलं लेखकाला अशी प्रमाणपत्रं सहसा पाठवत नाहीत. ही आपल्याकडच्या फाइलींसाठी केलेली सोय आहे.

उलगडा आमच्या ग्रंथपालांनी केला. त्यांनी स्कोपसमध्ये लेखाच्या शीर्षकाने शोध घेतला, मिळाला नाही. लेखावर छापलेला डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणारा कायमचा ऑनलाइन क्रमांक, त्यांनी doi डॉट org वर टाकला, तो अस्तित्वातच नव्हता. मग त्यांनी तो अंक पूर्ण उघडला. आमच्या तिसऱ्यांच्या शेजारी जीएसटीवरचा लेख, त्याच्यापुढे योगासनं, मग काँक्रीटची मजबुती. आणि मूळ जर्नल त्रैमासिक असताना इथे दर महिन्याला अंक निघत होता. डोमेनच्या नोंदणीची तारीख पाहिली तर वेबसाइट जेमतेम वर्षाची, आणि जर्नल कित्येक दशकांचं. आम्ही मूळ संस्थेच्या संपादकांना लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य आणि थकलेलं होतं. हा लेख आमच्याकडे कधी आलाच नाही, आणि अशी विचारणा करणारे तुम्ही पहिले नाही, असं त्यांनी कळवलं.

पैसे गेले, त्याचं दुःख आहेच. पण खरं नुकसान त्यानंतर समोर आलं, आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

आम्ही त्या वेबसाइटला लेख काढून टाकण्याची विनंती केली. उत्तर आलं की लेख मागे घेण्याचं शुल्क तीनशे डॉलर. म्हणजे छापायला पैसे आणि उतरवायलाही पैसे. ते भरले तरी लेख काढतीलच याची कुणी हमी देत नाही, उलट हा माणूस पैसे देतो एवढं त्यांना कळतं. आम्ही भरले नाहीत. लेख तिथेच राहिला.

आता तोच लेख खऱ्या जर्नलला पाठवायचा तर दोन भिंती. कुठलंही नीतिमान जर्नल आधी प्रसिद्ध झालेला मजकूर घेत नाही. आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला चोराची वेबसाइट आणि चांगली वेबसाइट यांतला फरक समजत नाही. तिच्याच लेखाचं तिच्याच लेखाशी जवळजवळ पूर्ण साम्य दिसू लागलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत साठ टक्क्यांच्या वरचं साम्य सगळ्यात गंभीर पातळीत मोडतं. ओहोटीच्या चिखलात उभं राहून जिने एकेक शिंपला मोजला, तिला स्वतःचा लेख चोरलेला नाही हे सिद्ध करायची पाळी आली. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

यातून वाट निघाली ती आधीच सगळं उघड सांगण्याने. दुसऱ्या जर्नलकडे लेख पाठवण्यापूर्वी आम्ही संपादकांना पत्र लिहिलं. घडलेला प्रकार, खोट्या वेबसाइटचा पत्ता, पैसे भरल्याची पावती, मूळ संपादकांचं 'हा लेख आमचा नाही' असं उत्तर, आणि हक्क हस्तांतराच्या कागदावर आम्ही सही केलेली नाही ही बाब, एवढं सगळं जोडलं. पहिल्या संपादकांनी नकार दिला. दुसऱ्यांनी लेख परीक्षणाला घेतला आहे, आणि पहिल्या फेरीत पावसाळ्यातल्या नमुन्यांबद्दल तोच प्रश्न आला आहे जो यायला हवा होता. त्याच कागदपत्रांची प्रत विद्यापीठाच्या समितीपुढेही ठेवली, म्हणून साम्याच्या अहवालातून तो लेख वगळला गेला. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी मूळ संपादकांकडून लेखी उत्तर मिळवणं सगळ्यात आधी करावं. बाकीची कागदपत्रं त्याच्या आधारानेच उभी राहतात.

तपासणीची दिशा उलटी करायला हवी, हे यातून माझ्या लक्षात आलं. वेबसाइटवर लिहिलेला आयएसएसएन घेऊन यादी तपासली तर काहीच कळत नाही. यादीतून निघून वेबसाइटपर्यंत पोचायला हवं. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन जर्नलांच्या नोंदीत बहुधा वेबसाइटचा पत्ता असतो, तो अक्षर न् अक्षर जुळतो का बघा. जर्नल ज्या संस्थेचं आहे तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरून आत जा. छापून आलेले दोन-चार जुने लेख घ्या, त्यांचे डीओआय उघडून बघा कुठे नेतात. त्यातल्या एखाद्या लेखकाला ईमेल करून परीक्षण कसं झालं ते विचारा, लोक उत्तर देतात. केवळ स्कोपसवर विसंबून चालत नाही. बर्लिनच्या संशोधक अ‍ॅना अबाल्किना यांनी दाखवून दिलं की 2013 पासून किमान 67 हायजॅक्ड जर्नलांचा शिरकाव स्कोपसमध्ये झाला होता, आणि 2023 च्या अखेरीस स्कोपसने जर्नलांच्या वेबसाइटचे दुवे आपल्या नोंदींतून काढून टाकले. म्हणजे तिथे नाव सापडेल, पत्ता सापडणार नाही. अबाल्किना यांनी, मागे घेतलेल्या शोधलेखांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या वेबसाइटबरोबर 2022 मध्ये सुरू केलेली हायजॅक्ड जर्नलांची यादी मोफत पाहता येते, आणि तिच्यात आता तीनशेहून अधिक नावं आहेत. लेख पाठवण्याआधी पाच मिनिटं तिथे घालवावीत.

आपल्याकडे हा धंदा इतका का फोफावला, याचं उत्तरही चोरांच्या बाहेर शोधावं लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांपासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी लेखांचे गुण मोजले जाऊ लागले आणि लेखाची संख्या लेखापेक्षा मोठी झाली. आयोगाने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली, तर 2 मे 2018 ला तिच्यातून 4,305 जर्नलं काढावी लागली. मग पुण्याच्या विद्यापीठाच्या मदतीने 'केअर' नावाची मान्य जर्नलांची नवी यादी आली, तीही 2025 मध्ये बंद झाली आणि जबाबदारी महाविद्यालयांवर सोपवली गेली. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांत अनुभवी माणसं आहेत, विचारायला शेजारची खोली आहे. राजापूर, देवगड, मालवणच्या कॉलेजात एखाद्या विषयाचा एकच शिक्षक असतो. त्याला कुणाला विचारावं हेच माहीत नसतं. 2022 च्या पीएच.डी. नियमांत प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती उरलेली नाही, पण हे कित्येक विद्यार्थ्यांना कुणी सांगितलेलंच नाही आणि चोर नेमकी तीच भीती वापरतात. मार्गदर्शकांनी निदान एवढं तरी आपल्या विद्यार्थ्यांना आजच सांगावं.

आम्ही सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. पैसे भरल्यावर लगेच कळलं तर 1930 या क्रमांकावर फोन करावा, खातं गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती, रक्कम परत मिळालेली नाही. मूळ जर्नलच्या संपादकांनी आता आपल्या वेबसाइटवर खोट्या पत्त्याबद्दल सूचना लावली आहे आणि फसलेल्या लेखकांची कागदपत्रं ते एकत्र करत आहेत. तुमच्याकडे असं स्वीकृतीचं पत्र असेल तर ईमेल पुसू नका, तो मूळ स्वरूपात जपून ठेवा, पावतीची प्रत काढा, आणि ज्या जर्नलच्या नावाने फसवणूक झाली त्याच्या खऱ्या संपादकांना पाठवा.