झांझिबारच्या बाईनं काय धरावं: समुद्री शेवाळ की शहरात खानावळ?

टांझानियाच्या झांझिबारमध्ये 2012 ला साधारण 13 लाख माणसं होती, 2022 च्या जनगणनेत जवळपास 19 लाख, म्हणजे वस्ती किती वेगानं वाढतेय बघा. आता तिथल्या बाईपुढे दोन रस्ते.

पहिला, शेवाळाची शेती, त्याला तिथे म्वानी म्हणतात. 1989 च्या सुमारास पाजेसारख्या पूर्वेकडच्या गावांत सुरू झाली आणि करणाऱ्या बहुतेक बायकाच. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात वाकून दोरीला एकेक तुकडा बांधायचा, खुंट्या ठोकायच्या, मग दीडेक महिन्यानं काढून वाळवायचं, ओलं ओझं डोक्यावर. त्यातलं कॅराजीनन, म्हणजे घट्टपणा आणणारा पदार्थ, आपल्या टूथपेस्टमध्ये, आइस्क्रीममध्ये जातं पण तिच्या हातात किलोमागे फारच थोडं पडतं, याचा खरंच राग येतो. त्यात पाणी तापलं की चांगला भाव मिळणारं कोटोनी जातीचं शेवाळ मरतं, खोल पाण्यात जगतं पण तिथे जायला पोहता यायला हवं, ते बऱ्याच जणींना येत नाही. आणि किनाऱ्यावर आता हॉटेलं.

दुसरा, शहरात मामा लिशे व्हायचं, म्हणजे रस्त्याकडेला भात, राजमा, तळलेली मच्छी विकायची. रोजचा पैसा रोज हातात, पण कोळशाचा धूर, उधारी आणि कधी उठवतील याची धाकधूक.

मला विचाराल तर तरुण बाईला खानावळ बरी. पण लहान पोरं असतील तर म्वानीच, ओहोटी संपली की ती घरी असते, आणि शेवाळाचा साबण-पावडर घरीच करून विकणाऱ्या बायकांना कच्च्या मालापेक्षा बरा भाव मिळतो.