हायबरीतील लग्ने जुळवणारी एमा

लंडनपासून सोळा मैलांवरील हायबरी या गावात, जिथे कोण कोणाकडे चहाला गेले हीदेखील बातमी ठरते, जेन ऑस्टिन यांची ‘एमा’ ही कादंबरी (डिसेंबर १८१५) घडते. जेमतेम एकवीस वर्षांची, श्रीमंत आणि स्वतःच्या पारखीवर नको तितका विश्वास असलेली एमा दुसऱ्यांची लग्ने जुळवायला निघते. हॅरिएट या मैत्रिणीसाठी तिने हेरलेला पाद्री एल्टन नाताळच्या पूर्वसंध्येला घोडागाडीत खुद्द तिलाच मागणी घालतो, तेव्हा हसू आवरत नाही.

मला मात्र सर्वाधिक आवडले ते तिचे वडील. लग्नाचा केक पोटाला बाधतो अशी त्यांची ठाम समजूत असून, औषधोपचार करणाऱ्या पेरी यांच्याकडून त्यांनी तसा दुजोराही मिळवलेला असतो. आणि त्याच पेरींची मुले हातात केकचा तुकडा घेऊन दिसल्याची कुजबुज गावात सुरू होते. गावातल्या अविवाहित प्रौढ बाई मिस बेट्स यांची न संपणारी बडबड काहींना कंटाळवाणी वाटेल, पण ती पाने वगळू नयेत, कारण पुढच्या गुपिताचे धागेदोरे लेखिकेने तिथेच दडवले आहेत. हॅरिएट हे पात्र तेवढे सोयीपुरते वाटले.

एमा आणि तिच्या कुटुंबाचा जुना स्नेही नाइटली यांचे प्रेम उसाशांतून नव्हे, तर वादावादीतून उमलते. बॉक्स हिलच्या सहलीत तिने मिस बेट्स यांना मारलेला टोमणा आणि त्यावर त्याने सुनावलेले खडे बोल यांत विनोद पूर्ण ओसरतो. अखेर वडील लग्नाला राजी होतात, तेही शेजारच्या खुराड्यातील टर्की पक्षी चोरीला गेल्याने बसलेल्या धास्तीमुळे.