‘मोटर किती एचपीची?’ – उद्यमनगरातलं एक टूल्सचं दुकान

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकांना विचारलं होतं, तुमच्याबद्दल चार ओळी टाकू का म्हणून. ते म्हणाले, ‘टाका की. पण नाव-नंबर नको. एकेका ड्रिलासाठी दिवसभर फोन वाजतो, आणि इथं वर्कशॉपची पोरं ताटकळत बसतात.’ तेव्हा एवढंच सांगतो, दुकान कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात आहे. उद्यमनगर म्हटलं की बाहेरगावच्या लोकांना मिसळ आठवते. ती खाऊन ढेकर देत जरा आतल्या गल्ल्यांत शिरलात, तर अशी पाच-सहा दुकानं दिसतील. त्यातलं हे एक.

मी ३४ वर्षं बँकेत काढली. कर्जाच्या तपासणीला वर्कशॉपमध्ये गेलो की स्टॉक मोजायचं सोडून लेथसमोर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनसमोर, उभा राहायचो. रिटायर झाल्यावर एकानं कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन घेतलं आणि त्याचा बटालाचा साडेचार फुटी लेथ कोपऱ्यात गेला, तो मी उचलला. घरी सिंगल फेज, म्हणून १ एचपीची मोटर बसवली. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आधी हिची स्कूटर असायची. ती आता पावसात भिजते, आणि त्याची आठवण मला रोज करून दिली जाते.

करायचं काय, तर एक लहानसं आडवं ऑइल इंजिन. चालतं मॉडेल. ओळखीच्या एका माणसानं शिरोलीच्या फौंड्रीतून सहा इंची फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, बिडात (ओतीव लोखंडात) ओतून आणून दिलं, आणि मग हत्यारांची खरेदी सुरू झाली.

पहिली खरेदी मी रात्री साडेअकराला अंथरुणात पडून मोबाइलवर केली. तीन जॉचा (जबड्यांचा) १२५ मिमीचा, जॉब पकडायचा चक, सोबत तो लेथच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, बसवायची ‘तयार’ बॅकप्लेट, रंग मारलेल्या, कडक कार्बाइड टोकाच्या ११ कापायच्या टूल्सचा संच आणि मापं घ्यायचा एक डिजिटल वर्निअर. सगळं चार दिवसांत दारात. चक चढवला, २० मिमीची ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत गोल सळई, धरली, ती फिरताना किती डगमगते बघायला डायल लावला, तर काटा १८ रेघा हलला. म्हणजे ०.१८ मिमी. परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, माल वापरलेला आहे, घेता येत नाही. मी चकाला आणि विकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि चक पिशवीत घालून उद्यमनगरात गेलो. मनात होतं, मालक म्हणतील, टाका हे भंगारात, नवा घ्या.

त्यांनी चक हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, ‘बॅकप्लेट कुठली?’ मी सांगितलं, सोबतच आली. मग त्यांनी बिडाची कच्ची बॅकप्लेट काढून दिली. ‘ही तुमच्याच स्पिंडलवर चढवा. तिथंच फेस मारून तोंड सपाट करा, तिथंच चक बसायची पायरी काढा. शेजारच्या लेथवर करून आणली, तर परत तेच रडगाणं.’ मला तीन संध्याकाळ लागल्या. पायरी चकाला घट्ट बसेपर्यंत दोन-दोन रेघा काढत बसलो. शेवटी डायल लावला, तर १८ चे ७ झाले. उरलेले सात चकाचेच, पण माझ्या कामाला ते चालतात. चारशे रुपयांच्या आत काम झालं. नवा चक विकायची संधी त्यांनी सोडली, हे माझ्यातल्या बँकवाल्याच्या बरोबर लक्षात राहिलं.

हे दुकान मला आवडतं ते यासाठी. वस्तू मागितली की आधी प्रश्न येतो. पहिल्यांदा मला रागच आला होता. झालं असं, की मी सीएनएमजी इन्सर्टचा होल्डर मागितला. इन्सर्ट म्हणजे होल्डरवर स्क्रूनं बसवायचं कार्बाइडचं बदलतं टोक, आणि सीएनएमजी, सीसीएमटी हे त्याचे प्रकार. घरी हिशोब करून गेलो होतो. सीएनएमजीला दोन्ही बाजू धरून चार कोपरे वापरता येतात, सीसीएमटीला दोनच. म्हणजे कोपऱ्यामागे खर्च निम्मा. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘व्हय, पण मोटर किती एचपीची?’

एक.

‘मग कोपरे मोजून काय करता?’

मग समजावून सांगितलं. सीएनएमजी निगेटिव्ह रेकचा, म्हणजे त्याची धार उलट्या कोनात बसते. तो कापण्यापेक्षा रेटतो जास्त, त्याला मागून ताकद लागते आणि मशीनही तसंच दणकट लागतं. आमच्या लेथवर पट्टा घसरणार, नाहीतर जॉब थरथरणार. त्यांनी १६ मिमीचा सीसीएमटीचा होल्डर दिला. इन्सर्टची डबी १० नगांची असते. ती फोडून मला दोनच दिले. वर म्हणाले, सहा महिने एचएसएसवरच (हाय स्पीड स्टीलच्या हत्यारांवरच) काम करा, धार लावायला शिका, मग हे वापरा. मिरांडा कंपनीचे एचएसएसचे दोन टूलबिट घेतले. आता बहुतेक काम त्यांच्यावरच होतं, होल्डर डब्यात आहे.

एचएसएसला धार लावायची तर ग्राइंडरचं व्हील आलं. इथंही प्रश्न: एचएसएस घासणार का कार्बाइड? कार्बाइडला हिरवं व्हील लागतं, एचएसएसला पांढरं किंवा राखाडी. ऑनलाइन संचाबरोबर हे कुणी सांगत नाही. व्हील देताना त्यांनी भोकात बोट घालून ते लोंबतं धरलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं टकटक वाजवलं. माठ घेताना आई वाजवून बघायची, अगदी तसं. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर आत तडा. तडा गेलेलं व्हील २८०० आरपीएमला फुटलं तर तुकडे कुठं जातील हे मला सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी गॉगल घेतलाय का म्हणून विचारलंच. घेतला नव्हता.

त्या रंगीत ११ टूल्सचं पुढं काय झालं, तेही सांगतो. फ्लायव्हीलवर पहिलाच कट घेतला आणि टोक गेलं. डब्यावर कार्बाइडच्या ग्रेडचा पत्ता नाही. मालकांचा प्रश्न, ‘बीड का एमएस?’ एमएस म्हणजे साधं स्टील. स्टीलला पी३० ग्रेड चालतं, बिडाला के२० मागायचं. आणि ओतकामाच्या वरच्या कातडीत वाळू असते, तिथं भीत भीत कुरतडत बसलात तर कुठलंही टोक जाणार. पहिला कट दाबून, कातडीच्या खालून घ्यायचा. के२० नं तसा घेतला. काळा बुरा अंगभर झाला, पण खालून बीड चकचकीत निघालं.

वर्निअरचा निकाल तर काउंटरवरच लागला. त्यांनी ड्रॉवरमधून ६२०५ नंबरचं कोरं बेअरिंग काढलं. त्याचा बाहेरचा व्यास ५२ मिमी, आणि साध्या क्लासलाही फार तर १३ मायक्रॉन कमी असू शकतो, जास्त नाही. माझा डिजिटल म्हणाला ५१.९१. परत लावला, तर ५१.९५. मालक काही बोलले नाहीत, त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. त्याच दिवशी ०.०२ मिमीपर्यंत मोजणारा मिटुटोयो कंपनीचा साधा वर्निअर घेतला, दोन जॉ मिटवून, फट दिसते का ते उजेडाकडं धरून बघून, बिलासकट. घरी पट्टीवर मोजमाप वाचताना चष्मा लागतो, पण जे दिसतं ते खरं असतं. वर्निअर पडताळायला ६२०५ बेअरिंगही एक विकत घेऊन तेलकट कागदात ठेवलंय.

आता तक्रारी. सकाळी १० ते १२ च्या मध्ये जाऊ नका, तुमच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. वर्कशॉपची पोरं चिठ्ठ्या घेऊन तीन रांगांत उभी असतात आणि आपण एका टॅपसाठी (भोकात आटे पाडायच्या हत्यारासाठी) मध्ये लुडबुड करतोय असं आपल्यालाच वाटतं. दुपारी साडेतीननंतर जावं. सोमवारी बंद. भाव कशावरही लिहिलेला नाही, तो मालकांच्या डोक्यात असतो, आणि १८ टक्के जीएसटी धरून का सोडून, हे आधी विचारून घ्यावं. एकदा ५/१६ इंचाचा, जाड आट्यांचा बीएसडब्ल्यू टॅप मागितला, तर काउंटरवरच्या पोरानं बारीक आट्यांचा बीएसएफ दिला. बीएसडब्ल्यूचे इंचाला १८ आटे, बीएसएफचे २२. मीही न बघता घरी आणला आणि एक नट वाया घालवला. दुसऱ्या दिवशी तेल लागलेला टॅप त्यांनी निमूट बदलून दिला. त्या पोराला मात्र माझ्यासमोरच बोलणी खावी लागली, ते मला बरं वाटलं नाही. चूक माझीही होती.

भावाचं म्हणाल तर सगळंच इथं स्वस्त नाही. लाइव्ह सेंटर, म्हणजे जॉबचं दुसरं टोक धरायचा फिरता टेकू, ऑनलाइन दोनशेनं कमी पडला असता. डायल धरायचा मॅग्नेटिक बेस मी ऑनलाइनच घेतला, उत्तम चाललाय. ज्यात मोजमापाचा किंवा बसवण्याचा प्रश्न नाही, ते घरबसल्या मागवायला हरकत नाही. लेथच्या मागच्या टोकाचा, म्हणजे टेलस्टॉकचा, निमुळता टेपर एमटी२ मापाचा का एमटी३ हेच ठाऊक नसेल, तर मात्र त्यात बसणारा जुना आर्बर पिशवीत घालून इथं यावं. मी तसाच गेलो होतो.

फ्लायव्हील सध्या चार जॉच्या चकात आहे. बोअर, म्हणजे मधलं भोक, १९.८ मिमीला थांबवलाय, ते नेमकं मापात आणायला मंगळवारी २० चा रीमर आणायला जायचंय. ‘हँड का मशीन?’ असं विचारतील, त्याचं उत्तर या वेळी तयार ठेवलंय.